घाटी वाजायला रान लागतं

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतातल्या आरवांगेन या गावात २०२३ मध्ये एक तक्रार झाली. घरांलगतच्या कुरणात पंधराएक गाई रात्रीही चरत असत. त्यांच्या गळ्यातल्या घंटांमुळे झोप लागत नाही, निदान रात्री तरी त्या उतरवून ठेवा, असं शेजारी राहणाऱ्या काही जणांचं म्हणणं होतं. गाव पेटून उठलं. हजारावर सह्या गोळा झाल्या आणि त्याच डिसेंबरात भरलेल्या गावसभेने घंटांच्या बाजूने जवळपास एकमुखाने कौल दिला.

ही बातमी आपल्याकडेही फिरली. मला ती तीन वेगवेगळ्या गटांतून आली आणि तिन्ही वेळा खाली एकच वाक्य होतं: बघा, ते लोक आपली संस्कृती कशी जपतात. पाठोपाठ आपल्याकडच्या पोळ्याचे, झुली आणि घुंगरमाळा घातलेल्या बैलांचे फोटो. पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, तीबद्दल मला शंका नाही. पण त्या बातमीतली मूळ गोष्ट आपल्या नजरेतून निसटली, असं मला वाटतं. त्या गावात घराला लागून कुरण होतं, कुरणात गाय होती आणि ती रात्रीही मोकळी होती. आवाजाचा वाद त्यानंतरचा. आपल्या बहुतेक गावांत असा वाद उभाच राहणार नाही, कारण रात्री कुरणात चरणारी गायच उरलेली नाही. मग घंटा वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. माझं उत्तर असं आहे की घाटी, म्हणजे गुराच्या गळ्यातली घंटा, हे चराईचं अवजार आहे. चराईची जमीन राखली तर ती आपोआप राहील. जमीन गेली तर पोळ्याच्या दिवशी कितीही घुंगरमाळा बांधल्या तरी ती गेलीच.

माझ्या आजोळी, अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत, डांगी गुरं होती. पांढऱ्यावर काळे ठिपके, तेलकट कातडी, धो धो पावसातही निवांत उभी राहणारी जात. सकाळी सगळ्या वाडीची गुरं एकत्र होऊन रानात जायची. प्रत्येक गुराला घाटी नसायची. एक-दोन म्होरक्या गाईंना आणि वाट सोडून भटकण्याची खोड असलेल्या एखाद्या कालवडीला ती बांधत. आजोबा बांधावर बसून दोर वळत असत, मान खाली. गुरं कारवीच्या आड गेलेली, एकही दिसायची नाही. तरी त्यांना सगळं कळायचं. घाटी सावकाश, मध्येच थांबत वाजली की गाय चरते आहे: मान खाली, गवताचा एक घास, मग पुढचं पाऊल. एकसारख्या ठेक्यात वाजली की ती चालू लागली, म्हणजे पाण्यावर तरी निघाली किंवा कुणाच्या तरी नागलीत शिरायला. एकाएकी दाट, विस्कटलेली वाजली की गुरं बिथरली, बिबट्याचा वास आला असणार. आणि बराच वेळ काहीच वाजलं नाही तर दोन शक्यता. सावलीत बसून रवंथ चालू असेल, नाही तर गाय कुठेतरी अडकली असेल. हा शेवटचा फरक कानाने कळत नाही. त्यासाठी ती शेवटची कधी आणि कुठून ऐकू आली होती, ते ध्यानात ठेवावं लागतं. आजोबांच्या ते ध्यानात असायचं.

मला ही घाटीची सगळ्यात मोठी करामत वाटते. एका माणसाला न हलता, न बघता, दहा-वीस गुरांची खबर ठेवता येते. ज्या रानाला कुंपण नाही तिथे ती कुंपणाचं काम करते. उलट बाजूने बघा: गाय दावणीला बांधलेली असेल तर घाटीला सांगण्यासारखं काहीच नसतं. कडबा समोर, पाणी समोर, मालक समोर.

रानातल्या घाटीचा आवाज आणि रस्त्यावरच्या घुंगरांचा आवाज वेगळा असण्यामागेही कारण आहे. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज झाडीत पानापानांवर आपटून लवकर विरतो, जाडा आवाज त्यामानाने दूर पोचतो. म्हणून जंगलात चरणाऱ्या गुरांना पत्रा ठोकून केलेली किंवा सरळ लाकडात कोरलेली घंटा बांधतात. ती टणटणत नाही, ठकठकते. गाडीच्या बैलांच्या गळ्यातली पितळी घुंगरमाळ माणसांसाठी असते. अंधारात, अरुंद चाकोरीतून समोरून गाडी येते आहे हे दुसऱ्या गाडीवानाला लांबूनच कळावं, म्हणून. दोन्ही वस्तूंना आज आपण ‘पारंपरिक सजावट’ म्हणतो. ज्यांनी त्या पहिल्यांदा बांधल्या त्यांना सजावटीचं काही सुचलं असेल तर ते काम भागल्यानंतर.

ही वस्तू बनवणाऱ्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. कच्छमधल्या निरोणा गावात लोहार कुटुंबं तांब्याचा मुलामा दिलेल्या घंटा करतात. लोखंडी पत्रा ठोकून, घडी घालून एकमेकांत अडकवायचा, सांधायला डाग न देता. मग त्यावर तांब्या-पितळेची पूड लावायची, वरून मातीचा लेप, आणि भट्टी. तापून धातू वितळला की तो पत्र्यावर चढतो, सांध्यात शिरतो. माती फोडली की घंटा तयार. मग कारागीर तिला हातोडीने ठोकून ठोकून तिचा सूर लावतो. पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात, आल्कासोवाश या गावात, जवळजवळ हाच प्रकार चालतो: लोखंडी पत्रा, तांब्याचे तुकडे, माती आणि पेंढ्याचा लेप, भट्टी, आणि शेवटी सूर. दोन टोकांवरच्या लोहारांच्या हातांना एकच वाट कशी सापडली याचं मला नेहमी नवल वाटतं. चरणाऱ्या जनावराची गरज दोन्हीकडे सारखीच होती, एवढं मात्र नक्की.

पोर्तुगालच्या या कारागिरीला युनेस्कोने २०१५ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, आणि तेही तातडीने संरक्षण हवं अशा वारशाच्या यादीत. कारागीर मोजके उरले होते, त्यातले बहुतेक म्हातारे. यंत्रावर निघणाऱ्या स्वस्त घंटांनी त्यांचं गिऱ्हाईक नेलं होतं. पण त्याच्याही आधी चराईची पद्धत बदलली होती. कुंपणं आली, मेंढपाळ कमी झाले. युनेस्कोच्या कागदपत्रांतही हे कारण आहे. निरोण्याच्या घंटा आज दिवाणखान्याच्या दारात टांगायला, वाऱ्यावर किणकिणायला विकल्या जातात. त्यावर ती घरं जगतात, याचं समाधान आहेच. मात्र कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ रानात मालधाऱ्यांची, म्हणजे तिथल्या पशुपालकांची, गुरं होती म्हणून त्या घंटेचा सूर लावण्याला अर्थ होता. आपली जनावरं दुसऱ्याच्या जनावरांपासून कानाने ओळखता यावीत, यासाठी तो सूर होता. दिवाणखान्यात कोणता सूर लागला याने कुणाचं काही अडत नाही.

संगीताची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मला आनंदाची वाटते. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव माहलरने आपल्या सहाव्या सिंफनीत गाईच्या घंटा वापरल्या. ती १९०६ मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात पहिल्यांदा वाजली. चरणाऱ्या कळपाचा आवाज दुरून यावा तशा त्या वाजवा, कधी एकत्र, कधी सुट्या, असं त्याने वादकांसाठी लिहून ठेवलं. आणि त्याचबरोबर हेही लिहिलं की या सूचनेतून कोणतंही कथानक काढू नका. म्हणजे आवाज हुबेहूब कळपाचा हवा, पण चित्र गाईचं नको. क्युबात तर घंटेच्या आत आपटणारा लोळाच काढून टाकला. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या मनात लोखंडी घंटेवर धरलेला ताल होता. घानामधल्या एवे लोकांच्या जोडघंटेवर, ‘गांकोगुई’वर, सगळ्या ढोलांचा मेळ आजही धरला जातो. क्युबात त्यांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी वाजवलं. खुरप्या-कुदळीचं पातं वाजवलं, गाईच्या गळ्यातली घंटाही वाजवली. काठी तोंडाशी मारली की मोकळा आवाज, मानेशी मारली की दबका. आजच्या साल्सा संगीतात गाणं रंगात आलं की बोंगो वाजवणारा बोंगो खाली ठेवून ही घंटा उचलतो. शेतावरच्या सक्तीच्या कष्टातून वर आलेलं हे वाद्य आहे, आणि ते ऐकताना ही आठवण ठेवली पाहिजे.

मग १९८० मध्ये रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र आणलं. त्यात काउबेलची, म्हणजे गाईच्या घंटेची, एक कळ होती. आत घंटा नाही, लोखंडही नाही. दोन इलेक्ट्रॉनिक स्वर एकत्र करून बनवलेला एक ‘टँक’ असा आवाज. तो गेली चाळीसहून अधिक वर्षं जगभरच्या गाण्यांत वाजतो आहे. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजो पार्टीच्या ऑक्टोपॅडमध्येही काउबेलचा आवाज असतो, आणि वाजवणाऱ्या पोराला त्यात गाय दिसत नाही. न दिसो. संगीत असंच पुढे जातं. वाद्य आपलं गाव सोडतं आणि नव्या गावचं होतं, यात कुणी काही गमावत नाही.

आपल्याकडे एक वाद्य मात्र अजून आपलं गाव धरून आहे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या दिमडी वाजवतो, जोडीला तुणतुणं असतं आणि मुरळी घाटी वाजवते. मुली देवाला सोडण्याची प्रथा अन्यायाची होती, ती संपायलाच हवी होती. पण घाटीचा तो नाद त्या प्रथेहून मोठा आहे. खंडोबा हा मेंढपाळांचा देव. बाणाईसाठी तो धनगरवाड्यात चाकर म्हणून राहिला आणि त्याने तिची मेंढरं राखली, असं लोकगीतं सांगतात. ज्या देवाने स्वतः मेंढरं वळली त्याच्यापुढे रात्रभर घाटी वाजते. मला तर वाटतं, जागरण ऐकणाऱ्या जुन्या माणसाच्या कानात भक्ती आणि चराई या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात.

तर संगीताला आपल्या काळजीची गरज नाही. त्याने घंटेची सोय लावली आहे. आवाज टिकला याचा अर्थ वस्तू टिकली असा मात्र आपण काढू नये. मोबाइलवर घुंगरांची रिंगटोन आहे, लग्नाच्या वरातीत घुंगरांची बैलगाडी भाड्याने मिळते. दोन्हींमुळे एक जनावर जास्त चरत नाही.

घंटेच्या विरोधातलं एक म्हणणं मी गंभीरपणे घेतो, ते प्राण्यांच्या बाजूने केलेलं. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी गाईंच्या गळ्यात साडेपाच किलोची घंटा बांधून पाहिली. अगदी जवळून मोजलं तर तिचा आवाज ११३ डेसिबलपर्यंत जात होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घंटा बांधलेल्या गाई कमी खात होत्या आणि कमी रवंथ करत होत्या. घंटेचा लोळा बांधून तिचा आवाज बंद केला तरी वजनाचा परिणाम उरत होता. हा प्रयोग थोडेच दिवसांचा होता, आणि एवढ्या जड घंटा तिथेही मुख्यतः डोंगरावरून खाली उतरण्याच्या मिरवणुकीत बांधतात. तरी गाईची बाजू त्यात स्पष्ट दिसते. आपल्या घाट्या हलक्या असतात, असं म्हणून यातून सुटता येणार नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की गोठ्यात चोवीस तास उभ्या असलेल्या संकरित गाईच्या गळ्यात घाटी बांधणं थांबवावं. तिला त्याचा उपयोग शून्य, आणि तिच्या कानाशी दिवसरात्र आवाज. आपल्याला ते ऐकून गोकुळात आल्यासारखं वाटतं, यापलीकडे त्याला कारण नाही. हीच घाटी रानात जाणाऱ्या गाईच्या गळ्यात, हलकी, संध्याकाळी उतरवून खुंटीला अडकवलेली, मला योग्य वाटते.

रानात जाणारी गाय किती उरली? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटला होता आणि विदेशी-संकरित जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढला होता. महाराष्ट्रात एकूण गोवंश २०१२ मध्ये दीड कोटीच्या वर होता, तो २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आसपास आला. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली आणि दुधाच्या हिशोबाने गाय गोठ्यात आली. यात शेतकऱ्याचा दोष मी काढणार नाही. दिवसाला पंधरा लिटर देणारी गाय त्याला पोराच्या शाळेची फी देते, डांगी गाय ती देत नाही. आता प्रत्येक जनावराच्या कानात १२ आकडी बिल्ला आहे, राज्यात १ जून २०२४ पासून तो बंधनकारकही झाला. रोगराई रोखायला, चोरी पकडायला तो चांगलाच आहे. परदेशात गळ्यात उपग्रहाचा पट्टा बांधून मोबाइलवर कळप पाहणारे शेतकरीही आहेत. उद्या डोंगरातल्या गुराख्याच्या हाती तो परवडणाऱ्या किमतीत आला, तर घाटीसाठी तो नाकारा असं मी त्याला सांगणार नाही. साधन बदलेल. त्याच्या खाली गवत हवं.

आणि गवताची जमीन म्हणजे गायरान. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला तेव्हा राज्याकडून आकडे पुढे आले: राज्यात सुमारे साडेचार लाख हेक्टर गायरान, त्यातल्या दहा हजारांच्या आसपास हेक्टरवर अतिक्रमण, बांधकामं २ लाख २२ हजार. सगळी चर्चा त्या दोन लाख बावीस हजारांवर झाली. घरं पडणार की नियमित होणार, यावर मोर्चे निघाले. मला मात्र उरलेल्या आकड्याकडे बघत राहावंसं वाटतं. सरकारी हिशोबानेच शंभरातलं जवळपास अठ्ठ्याण्णव हेक्टर गायरान मोकळं आहे. मग त्यावर गवत का नाही? कुठल्याही तालुक्यात जाऊन पाहा. मारवेल, पवना ही गवतं शोधावी लागतात. दिसते ती विलायती बाभूळ, घाणेरी, गाजरगवत आणि पावसाने उघडा पडलेला मुरूम. कुणी बळकावलं नाही तरी गायरान मेलेलं असू शकतं, कारण त्याची निगा राखणारं कुणी नाही. कागदावर ते सरकारचं, व्यवहारात कुणाचंच नाही. म्हणूनच एखाद्या प्रकल्पाला, इमारतीला, सौर पॅनेलना जागा हवी झाली की पहिलं बोट गायरानावर जातं. पडीकच तर आहे, असं म्हटलं जातं, आणि गवत राखणाऱ्या कुणाची हरकत येत नाही, कारण राखणारं कुणी ठेवलेलंच नाही.

इथे त्या स्विस घंटेकडे परत यावं लागतं. वाले प्रांतातल्या टोर्बेल या खेड्याची कागदपत्रं अभ्यासकांनी तपासली आहेत. डोंगरावरची उन्हाळी कुरणं सांभाळण्यासाठी गावकऱ्यांनी १४८३ मध्ये लेखी करार केला. १५१७ च्या नियमात एक अट आली: हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गाई जगवता येतील त्याहून जास्त गाई कुणीही उन्हाळी कुरणात पाठवायच्या नाहीत. मोडणाऱ्याला दंड. सामायिक कुरण म्हटलं की प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरण उजाड होतं, असा सिद्धांत १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने मांडला आणि तो जगभर गाजला. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी टोर्बेलसारखी गावं दाखवून सांगितलं की लोक स्वतः नियम करतात, पाळतात, पाळायला लावतात आणि शतकानुशतकं कुरण टिकवतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. डोंगरावर गाई नेणाऱ्याला स्विस सरकार आजही पैसे देतं. त्या घंटेमागे हा सगळा बंदोबस्त उभा आहे.

‘मग आपल्याकडेही मोकाट चराई सुरू करायची का,’ असं कुणी विचारेल, आणि विचारणाऱ्याच्या हातात भक्कम दाखला असेल. हिवरे बाजारने चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, आणि उजाड डोंगर हिरवा झाला. गवत कापून गोठ्यात आणलं, दूध कित्येक पटींनी वाढलं. घाटीच्या प्रेमापोटी मी हे नाकारलं तर तो अप्रामाणिकपणा होईल. तिथल्या डोंगरावर घाटी वाजत नसेल तर मला त्याचं दुःख नाही, कारण तिथे गवत आहे. आणि हिवरे बाजारने केलं ते टोर्बेलने केलं त्याच जातीचं काम आहे. गावाने सामायिक जमीन आपली मानली, तिच्यावर नियम बसवला, गवत कुणी, कधी, किती कापायचं ते ठरवलं. एका गावाचा नियम ‘इतकीच गुरं’ असा निघाला, दुसऱ्याचा ‘सध्या गुरं नकोत, विळा चालेल’ असा. जमीन दोन्हीकडे गावाकडे राहिली. चराईबंदी केलेल्या कुरणात उद्या गुरं परत सोडता येतात. काँक्रीट ओतलेल्या गायरानात नाही.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. गायरान राखा म्हणणारा माणूस नकळत कुणाच्या बाजूने बोलत असतो? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते पडीक आणि सरकारी जमीन कसायला मिळावी म्हणून. मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबांनी गायरानाचा तुकडा फोडून, दगड वेचून पोटापुरती ज्वारी पिकवली, आणि त्यासाठी मार खाल्ला. १९९० पर्यंत कसलेली अशी जमीन त्यांच्या नावे करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. तरी अनेकांचा सातबारा अजून झालेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली तेव्हाही भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट ठेवली होती. गुरांच्या नावाने या कुटुंबांना उठवायचं असेल तर मी त्या बाजूला नाही. ज्यांच्याकडे चाळीस एकर आणि वीस म्हशी होत्या त्यांनीच एके काळी गायरान सगळ्यात जास्त चारलं, हेही विसरता येत नाही. म्हणूनच टोर्बेलचा नियम जसाच्या तसा इथे आणता येणार नाही. ‘आपल्या कडब्यावर उन्हाळ्यात जितकी जनावरं जगवशील तितकीच गायरानात सोड’ असं म्हटलं तर पैसेवाल्याचा वाटा आपोआप मोठा होतो, आणि ज्या बाईकडे कडबा नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, ती बाहेर पडते. नियम तिच्यापासून सुरू झाला पाहिजे: भूमिहीनांच्या पहिल्या चार-पाच जनावरांना मुभा, त्यापुढच्या प्रत्येक जनावराला शुल्क, आणि गावाबाहेरून येणाऱ्या मेंढपाळांसाठी ठरलेले दिवस. त्यांची मेंढरं शेतात बसवून खत घ्यायला गाव नेहमीच तयार असतं. मग कुरणात त्यांचा वाटा का नसावा?

हे स्वप्नरंजन नाही. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला, भटक्या पशुपालकांचासुद्धा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभा नियम करू शकते हे दाखवून दिलं. गायरानाला असा कायदा नाही, ते महसूल खात्याच्या मर्जीवर आहे. मला हवा आहे तो बदल हा: गायरानाच्या व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेकडे, आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या कामाला न देण्याची हमी. विलायती बाभूळ काढून मारवेल लावण्याचं काम रोजगार हमीवर घ्यावं. या राज्यानेच ती योजना देशाला दिली, आणि बायकांच्या हाताला गावातच काम मिळेल असं हे काम आहे. गायरानाचे चार भाग पाडून दर पावसाळ्यात एक भाग बंद ठेवायचा, हे आमच्या वाडीतल्या माणसांना कुणी शिकवावं लागणार नाही. आजोबांच्या वेळी असाच एक उतार दिवाळीपर्यंत राखलेला असायचा आणि कुणाची गाय तिथे शिरली तर ती कोंडवाड्यात जायची, मग ती पाटलाची का असेना.

बैलगाडा शर्यतीसाठी या राज्याने काय केलं ते आठवून पाहा. २०१४ च्या बंदीनंतर २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून तो कायदा टिकवून घेतला. सगळे पक्ष एकत्र आले. शर्यत असावी की नसावी यावर मतं वेगळी असतील. पण खिलार बैलाच्या नावाने एवढी शक्ती एकवटता येते हे सिद्ध झालं आहे, आणि तो बैल वर्षातले बाकीचे दिवस काय खातो हा प्रश्न त्या शक्तीच्या दहाव्या हिश्शानेही सुटण्यासारखा आहे.

आजोळच्या घराच्या ओट्यावर ती घाटी अजून खुंटीला आहे. पत्रा एका बाजूने गंजला आहे, लाकडी लोळा झिजून तिरका झाला आहे, कारण गाय चालताना तो नेहमी एकाच बाजूला आपटायचा. मामाने आता दोन संकरित गाई ठेवल्या आहेत. त्या अंगणापलीकडे जात नाहीत, आणि त्या का जात नाहीत हे विचारायचं झालं तर मामाला विचारून उपयोग नाही. वर्षातून चारदा ग्रामसभा भरते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास. पुढच्या सभेत उठून एवढंच विचारायचं ठरवलं आहे: आपल्या गावाला गायरान किती, ते कोणत्या गटात आहे, आणि त्याचा सातबारा आता, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून दाखवाल का?